पांढरीवर कोण बसलं होतं?

तमाम वाचकांस, त्यांच्या कुटुंबीयांस आणि फराळाच्या ताटापाशी बसून हा अंक नुसताच चाळणाऱ्या पाहुण्यांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, शेण अमर आहे. हातातली करंजी कृपया खाली ठेवावी.

ही घोषणा मी पूर्ण शुद्धीत आणि पगारी जबाबदारीने करते आहे. माणूस जातो, त्याचं घर पडतं, बांध सरकतो, सातबाऱ्यावरचं नावसुद्धा बदलतं. पण त्याच्या दावणीला जे जनावर होतं त्याने जे मागे टाकलं, त्यातला डोळ्याला न दिसणारा एक अंश मातीत तसाच बसून राहतो. शे-दोनशे नव्हे, हजारो वर्षं. तो अंश शोधून काढणं हा माझा धंदा. पुण्यातल्या एका संस्थेच्या प्रयोगशाळेत माझी उमेदीची वर्षं यातच गेली. जुन्या वस्त्यांची माती माझ्या टेबलावर येते आणि मी तिला विचारते, "बाई गं, तुझ्यावर कोण बसलं होतं?" माती उत्तर देते. कधी लगेच, कधी रडवून, आणि कधी धडधडीत खोटं.

आम्ही मूळचे नगरचे. जिल्ह्याचं नाव बदललं, पण आईच्या तोंडी नगरच आहे. रविवारी चर्चमधून बाहेर पडताना कुणी विचारलं, "धाकटी काय करते हो?" की आई चष्मा काढून पुसायला लागायची. "मातीची डॉक्टर आहे," असं एकदा तिने सांगून टाकलं. झालं! पुढच्या रविवारी पाळकबाई गुलाबाच्या कुंडीतली माती डब्यात घालून घेऊन आल्या. मी डबा नाकाशी नेला, डोळे मिटले, जरा वेळ खाल्ला आणि म्हटलं, "शेणखत कमी पडतंय." गुलाब फुलला. आईची अब्रू वाचली.

कर्जतहून नगरला एकदा एसटीने येत होते. मांडीवर बर्फाचा डबा, आत मातीचे नमुने. कंडक्टरने डब्याकडे संशयाने पाहिलं.

"बाई, मासळी हाय का? वास सुटंल गाडीत."

"मासळी नाही हो. शेण आहे."

"शेन?"

"जुनं आहे."

"जुनं म्हंजे किती?"

"असेल तीन हजार वर्षांचं."

त्याने तिकिटाचं यंत्र क्षणभर हवेत धरलं. चेहऱ्यावर एक रेष हलली नाही. "मंग त्याला न्हाई लागत. पंच्याहत्तरच्या वरच्याला फुकट हाय. तुमचं तेवढं अर्धं काढतो."

आता हे शेण ओळखायचं कसं, ते सांगते. गाय, म्हैस, शेळी, मेंढी ही रवंथ करणारी मंडळी पाला खातात. पाल्यात एक जातीचा स्निग्ध पदार्थ असतो. जनावराच्या पोटातले जिवाणू त्याचं रूप बदलतात आणि ते बदललेलं रूप बाहेर पडतं. माणसाच्या पोटात वेगळं रूप तयार होतं. डुकराच्या पित्तात एक आम्ल असं आहे, की ते भरपूर दिसलं तर डुक्कर हजर होतं असं समजावं. हे सगळे कण पाण्यात सहजी विरघळत नाहीत. पाऊस येतो, जातो. हे चिकणमातीला धरून बसतात, साखर कारखान्याचा चेअरमन खुर्चीला धरून बसतो तसे. आम्ही माती वाळवतो, चाळतो, रसायनात धुतो, ते रसायन आटवतो आणि उरलेला थेंब यंत्राला पाजतो. यंत्र पडद्यावर डोंगर काढतं. कुठला डोंगर किती उंच, त्यावरून कोण होतं ते ठरतं.

खरं सांगायचं तर मराठीने हे काम माझ्या यंत्राच्या कितीतरी आधी करून ठेवलंय. गाई-म्हशीचं ते शेण. शेळी-मेंढीची ती लेंडी. घोड्या-गाढवाची लीद. माणसाच्या शब्दाला दिवाळी अंकात जागा नाही, पण तोही वेगळाच आहे. चार अक्षरांच्या आत जनावर डोळ्यापुढे उभं. आणि माझं यंत्र, ज्याच्यासाठी वातानुकूलित खोली लागते, ते म्हणतं, "रवंथ करणारं जनावर." बस्स. शेण की लेंडी, हे त्याला नीट सांगता येत नाही. त्यासाठी मातीत डीएनए शिल्लक असावा लागतो आणि आपल्याकडच्या उन्हात तो टिकणं म्हणजे चैत्रात उघड्यावर बर्फाचा गोळा ठेवून दिवाळीत तो खायला येण्यासारखं आहे.

गिऱ्हाइकंही नाना तऱ्हेची. शिर्डीकडचे एक गृहस्थ आले होते. तिथल्या हॉटेलांना भाजी पुरवायचे. पांढरी पँट, खिशाला दोन पेनं. म्हणाले, "मॅडम, आमच्या रानात खापरं सापडतात. तुम्ही फक्त एवढं लिहून द्या, की या जमिनीला तीन हजार वर्षांपासून शेणखत चालू आहे. पाकिटावर छापायचंय, 'तीस शतकांची सेंद्रिय परंपरा'." मी माती तपासली. जनावर निघालं नाही. जे निघालं ते बहुतेक माणसाचं होतं. मी म्हटलं, "लिहून देते की. पण काय छापायचं ते तुम्ही ठरवा." त्यांनी दोन्ही पेनं चाचपली आणि चहाही न घेता गेले.

आमच्या धंद्यात साक्षीदार लागतो. वस्तीच्या जागेची माती घेतली, की लांबच्या, कोऱ्या शेतातलीही माती घ्यायची आणि दोन्ही ताडून बघायच्या. कोऱ्या मातीत काही नसेल, तरच वस्तीच्या मातीचं ऐकायचं. प्रवरेकाठच्या एका गावात आमचा हा साक्षीदार फितूर झाला. कोऱ्या शेतातच वस्तीपेक्षा जास्त जुनं शेण! आठवडाभर मी यंत्राला शिव्या घातल्या. मग शेताचा मालक सहज बोलून गेला, "आज्यानं पांढरीची माती गाड्यांनी आनून टाकली हुती हितं. काय पीक यायचं सांगू!" म्हणजे आज्याने अख्खं प्राचीन गाव उचलून ज्वारीला घातलं होतं. जिल्ह्यातल्या कितीतरी पांढऱ्या अशाच शेतोशेती पांगल्या. मी जिथे पोचते तिथे अनेकदा फक्त खळगा असतो. याची हळहळ वाटते, आणि त्याच वेळी हेही वाटतं, की जनावरांच्या खताचं शेवटी जे व्हायचं तेच झालं. असो.

तर आता मुख्य खटला.

कर्जत तालुक्यात एका ओढ्याच्या काठी अशीच एक पांढरी अजून शाबूत आहे. पांढरी म्हणजे जुन्या गावठाणाची जागा. पडक्या भिंती, राख, हाडं, शेण असं सगळं साचून झालेलं पांढुरकं टेकाड. भोवतीच्या काळ्या रानात लांबून ओळखू येतं. आमच्या संस्थेतले उत्खनन करणारे सर तिथे रीतसर परवानगीने खड्डा घेत होते. त्यांना गावापासून संस्थेपर्यंत सगळे नुसतं 'सर' म्हणतात, मीही म्हणते. खड्ड्यात तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची खापरं मिळाली होती आणि एका बाजूला मेखा रोवल्याच्या खुणांची गोलाकार रांग. सरांचं म्हणणं, हा जनावरांचा वाडा. कुठल्या जनावरांचा, ते मी सांगायचं.

जमीन अप्पांची. साठी ओलांडलेले, आवाज असा की ओढ्यापलीकडच्या माणसाला फोन करायची गरज नाही. पांढरीवर पाणी साचत नाही म्हणून खोदकाम संपलं की ती सपाट करून तिथे कांदाचाळ बांधायची, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांचंही चुकीचं नव्हतं. सखल जागेतल्या जुन्या चाळीत त्यांचा कांदा पावसाळ्यात सडला होता आणि अख्ख्या वस्तीने त्याचा वास घेतला होता. टेकाड राहू द्या म्हणून सरांनी हात जोडले. अप्पांनीही जोडले. दोघंही जागचे हलले नाहीत.

पण त्या टेकाडाला तिसरा वाटेकरी होता. भिवाआबा. धनगर. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन मावळाकडे जायचं आणि पावसाच्या तोंडावर परत फिरायचं, ही त्यांच्या घराची रीत. परतीच्या वाटेवर रानोरानी मेंढरं 'बसवतात'. संध्याकाळी वाघर, म्हणजे जाळ्यांचं कुंपण, उभं करायचं आणि कळप आत घ्यायचा. मेंढरांना विसावा, शेतकऱ्याला लेंडीखत. अप्पांच्या रानात आले की आबा मुक्काम टाकत तो पांढरीवरच. उंच, कोरडी जागा. मेंढरांचे खुर सडत नाहीत.

आमचं खोदकाम आटपत आलेलं असताना आबांचा कळप पोचला. अप्पांच्या ओट्यावर चहा चालला होता. सर, मी, वस्तीवरची चार माणसं. आबा खाली उकिडवे बसलेले.

"भिवा," अप्पा म्हणाले, "यंदाचं शेवटचं बरं का. म्होरल्या साली हितं चाळ."

आबांनी बशीतला चहा सावकाश संपवला. "तुमची जागा हाय मालक. पर आमी लई पिढ्या बसवतो हितं."

"तुझ्या पिढ्या ऱ्हाऊ दे. त्याच्या आदी आमच्या गाई बसायच्या. पनज्याचं गोठान हुतं हे."

"आनि पनज्याच्या आदी?"

"त्याच्या आदीबी गाईच."

"तुमी बघाया गेल्ता व्हय?"

ओट्यावर हशा पिकला. अप्पांना तो झोंबला. ते एकदम माझ्याकडे वळले. "ह्या बाईंचं यंत्र सांगंल की! सगळ्यांदेखत बोलतो. पार तळाला मेंढरं निघाली, तर ही जागा भिवाला बसायला मोकळी. चाळ दुसरीकडं. आनि गाई निघाल्या, तर त्यानं पुन्यांदा नाव काढायचं न्हाई. निकाल येईस्तोवर मी वीट लावत न्हाई. झालं?"

"अप्पा, असं नका करू. माझं यंत्र म्हणजे पंचायत नाही."

"म्हनूनच तर म्हनतो. त्याला भावकी न्हाई."

मी सरांकडे पाहिलं. टेकाड वाचायची शक्यता दिसल्यावर सर आभाळाकडे बघत होते.

संध्याकाळी आबांबरोबर वाघरीपर्यंत चालत गेले. म्हटलं, "आबा, यंत्र काय सांगेल ते माझ्या हातात नाही. कदाचित काहीच सांगणार नाही."

"तुमच्यावर काय न्हाई बाई," ते म्हणाले. "पर असं बघा. मागच्या मुक्कामापासनं हितवर एका दिसाची चाल. हितनं म्होरं एका दिसाची. मदी सगळा ऊस न् तारेची कंपौंडं. हा तळ गेला, तर दोन दिसाची चाल एका दिसात, ती बी डांबरी रस्त्यानं. मोठी मेंढरं जातील वढत. कोकरं न्हाई टिकत." त्यांनी एक कोकरू उचलून काखेत घेतलं. "ह्येच्यावर हाय."

गाई की मेंढरं हा माझ्यासाठी तोवर एक मजेदार प्रश्न होता. त्या कोकराने माझ्याकडे बघून शिंक दिली आणि मजा जरा कमी झाली.

अडचणी सांगते. आबांची मेंढरं दरवर्षी पांढरीवर बसणार, म्हणजे वरच्या थरात मेंढी असणारच. त्याच्याखाली पणज्याच्या गाई. त्यामुळे खरं उत्तर तळालाच शोधायला हवं. नशिबाने खड्ड्याच्या तळाशी, त्या मेखांच्या रांगेच्या आत, भाजलेल्या मातीची टणक जमीन लागली होती. कुणीतरी जुन्या वाड्यावर ती घातलेली. तिच्याखाली राखट, भुरकट थर होता. झाकण लावलेली बरणीच म्हणा. जे त्या झाकणाखाली आहे ते झाकणाच्या आधीचं. सरांनी जमिनीचा एक तुकडा उचलून तो थर उघडा केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी नमुने घ्यायचे ठरलं.

नमुने घेणं हा आमच्याकडे सोवळ्याचा कार्यक्रम असतो. हाताला तेल नाही, क्रीम नाही. हातमोजे, तोंडाला फडकं, केसांवर टोपी. चमचा भट्टीत तापवून घेतलेला. माणसाच्या कातडीची चरबीसुद्धा मातीला लागता कामा नये. मी असा सगळा साज करून, चंद्रावर निघाल्यासारखी, सकाळी खड्ड्यापाशी पोचले. आत डोकावले.

खड्डा सारवलेला होता.

हिरवागार, गुळगुळीत, बोटांच्या अर्धगोलांची नक्षी उमटलेला, गाईच्या ताज्या शेणाचा लेप. मधोमध रांगोळीचं कमळ. कोपऱ्यात हळदकुंकू, वर नारळ. आणि काठावर, हात कोपरापर्यंत हिरवे, कपाळावरचा घाम मनगटाने पुसत, प्रसन्न चेहऱ्याने उभ्या अप्पांच्या मालकीणबाई, शालनकाकू.

"या ताई," त्या म्हणाल्या. "सर म्हनले, आज मोठ्या म्याडम खड्ड्यात उतरनार. म्हनलं, एवढ्या शिकलेल्या बाईला धुळीत कसं बसवायचं?"

मी मटकन खाली बसले. धुळीतच. सर आले, त्यांनी आत पाहिलं आणि ते पुन्हा आभाळाकडे बघायला लागले. जगातलं कुठलंही यंत्र आता त्या तळातून एकच उत्तर देणार होतं, आणि ते उत्तर अप्पांच्या गोठ्यात शेपटी हलवत उभं होतं.

आबांनी ते पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. "वैनी," ते हळू म्हणाले, "गाईच्याच शेनानं का सारवलं? अप्पांनी सांगितलं व्हय?"

काकूंचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल. "मंग काय लेंड्यांनी सारवतेत व्हय रे भिवा? तुझ्या घरी सारवतेत का लेंड्यांनी?"

"तसं न्हाई वैनी..."

"तसंच! पाव्हन्या येनार म्हनून पहाटंपासनं कंबर मोडली, आनि मी चोर?"

अप्पा धावत आले, काय झालं ते ऐकलं आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "आरं, मी तिला कशाला सांगू? मला ती इचारते का कवा?" हे वस्तीत सगळ्यांना माहीत असल्यामुळे लगेच पटलं. पण काकूंनी बादली उचलली आणि त्या घराकडे गेल्या त्या दिवसभर कुणाशी बोलल्या नाहीत. संध्याकाळी आबा आणि त्यांच्या मालकीण दारात जाऊन बसून आले. काय बोलणं झालं माहीत नाही. पण येताना आबांच्या हातात झाकलेलं भाकरीचं टोपलं होतं.

मला विचाराल तर, त्या माउलीच्या मनात पाहुणचाराशिवाय काही नव्हतं. आमच्या पाहुणचाराचा आणि माझ्या विज्ञानाचा मूळ पदार्थ एकच आहे, याला ती तरी काय करणार?

आता उपाय. नवा खड्डा घ्यायला वेळ नव्हता. आभाळ भरून यायला लागलं होतं. मग सरांनी आणि मी भाजलेल्या जमिनीखालीच, खड्ड्याच्या भिंतीत, आडवा हात घातला. सारवणाचा पोपडा काढून टाकला, भिंत आत तासत गेलो, कोपरभर आतली माती तापवलेल्या चमच्याने काढून कुपीत भरली. एक गोष्ट मात्र मनाला टोचत राहिली. त्या भिंतीत उंदराचं एक जुनं बीळ होतं आणि शेणकाला पातळ होता.

स्निग्ध पदार्थाचा निकाल आधी आला. मी अप्पांना फोन केला. "रवंथ करणारी जनावरं भरपूर होती. वाडाच होता तो."

"म्हंजे गाई!"

"किंवा मेंढ्या. ते यातून कळत नाही."

"मंग काय कळलं?"

"डुकरं नव्हती."

"बाई," अप्पा म्हणाले, "ते मलाबी ठाव हुतं."

डीएनएसाठी माती दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत गेली. मी आशा ठेवली नव्हती. राखेने आणि त्या भाजलेल्या झाकणाने कसा कोण जाणे, थोडा धागा जपला होता. निकाल माझ्या पडद्यावर आला, तेव्हा मी खुर्चीतून उठून प्रयोगशाळेला एक फेरी मारली. मेंढी. मेंढीच मेंढी, थोडी शेळी. आणि अगदी तळाच्या ओळीत, लाजत उभी असल्यासारखी, किंचित गाय.

ती गाय खरी होती की काकूंच्या बादलीतून बिळाच्या वाटेने शिरली होती, ते मला सांगता येत नाही. आजही नाही. आमच्या निबंधात त्यावर सावध भाषेतला एक परिच्छेद आहे. आणखी एक गोष्ट मला सांगता येत नाही, जी आबांनी पहिल्याच दिवशी विचारली होती. "आमचीच मानसं हुती का ती?" माती जनावराचं नाव सांगते, राखणाऱ्याचं नाही. एवढं शिकून माणसापर्यंत काही पोचता आलं नाही, याची रुखरुख आहे मला.

त्या जागेचा फैसला आमच्या आलेखाने केला, असं सर भाषणातून सांगतात. टाळ्याही पडतात. अप्पांची चाळ विहिरीच्या पलीकडे, जरा भराव घालून उभी आहे, हे खरं. पण तो आलेख फक्त तोंडी लावण्यापुरता होता. मी तिथे होते, म्हणून सांगते.

पुढच्या उन्हाळ्याच्या अखेरीला मी सरांना घेऊन निकाल सांगायला मुद्दाम गेले. पोचले तेव्हा ऊन माथ्यावर होतं आणि आबांचा कळपही नुकताच आला होता. रानात शिरायचं की नाही ते ठरलेलं नव्हतं, म्हणून आबांनी मेंढरं रस्त्याच्या कडेलाच थोपवून धरली होती. मेंढरांनी एकमेकींच्या पोटाखाली डोकी घातली होती. घोड्यावर बिऱ्हाड तसंच बांधलेलं. आबा ओट्याशी येऊन उभे राहिले, पागोटं हातात.

मी निकाल सांगितला. एकही शब्द लपवला नाही. मेंढी पुष्कळ, शेळी थोडी, गाय किंचित.

आबांनी रस्त्याकडे पाहिलं. अप्पा मात्र पुढे सरकून बसले.

"किंचित म्हंजे? हाय ना पर गाय?"

"आहे. पण ती तेव्हाचीच, असं मला म्हणता येणार नाही."

"न्हाई असंबी म्हनता यायचं न्हाई ना?"

"नाही."

"मंग!" अप्पांनी मांडीवर थाप मारली. "गाय हाय! थोडी तर थोडी. मी चाळ थोडी बांधतो. अर्ध्यात चाळ, अर्ध्यात भिवा."

"मालक, अर्ध्यात मेंढरं मावत न्हाईत," आबा म्हणाले.

"तवा मावत हुती का न्हाई ते इचार बाईंना. बाई, तवा किती मेंढरं हुती? यंत्रात येतं का? आनि गाय कितव्या थराला हाय म्हनला? वर का खाली? खाली असंल, तर पयली गाय का न्हाई?"

मी थर समजावायला लागले. सरांनी खिशातून खडू काढून अप्पांच्या ओट्यावरच रेघा मारायला घेतल्या. अप्पा प्रत्येक रेघेत गाय शोधत होते. वस्तीवरची माणसं जमली. कुणी म्हणालं, उंदराचं बीळ मोजा. कुणी म्हणालं, यंत्र दुसरीकडचं आणा. बोलणं तीन हजार वर्षांपूर्वीच्या पावसापाण्यापर्यंत गेलं. रस्त्यावर एक कोकरू बें करून ओरडलं, मग दुसरं.

दार धाडकन उघडलं. शालनकाकू बाहेर आल्या, हाताला पीठ, कडेवर पाण्याची घागर. निकाल त्यांनी आतून ऐकला होता की नव्हता, कोण जाणे. त्यांनी ना माझ्याकडे पाहिलं, ना सरांच्या रेघांकडे. रस्त्याकडे पाहिलं आणि अप्पांवर कडाडल्या,

"आवो, मुकी जनावरं कवापासनं उनात उबी हायेत! आदी मेंढरं बसवा, मंग इज्ञान बोला!"